शून्य म्हणून सोडा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात पोरांना विज्ञान शिकवताना चुकत-माकत जे हाती लागलं, ते हे.

१. गाठीवर भरवसा नको. लंबकाचा दोरा मी वर्षानुवर्षं खिळ्यालाच बांधायचो. झोक्यागणिक गाठ सरकायची, टेबल हलायचं ते वेगळंच. आता रबरी बुचाला उभी चीर पाडतो, दोरा तिच्यात घालतो आणि बूच स्टँडच्या चिमट्यात आवळतो. गोळ्याच्या जागी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने दिलेला जाडजूड नट. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही.

२. गोळा सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. आमची पोरं ‘एक’ म्हणून सोडायची. म्हणजे ‘वीस’ म्हणेपर्यंत झोके एकोणीसच! एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस झोक्यांना ४० सेकंद लागतात. यांचे ३८ भरायचे आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.९ यायचं. मी घड्याळाला दोष देत बसलो. नव्या स्टॉपवॉचसाठी अर्जसुद्धा केला होता. मंजूर झाला नाही, बरंच झालं.

३. चुन्याची निवळी आदल्या संध्याकाळी करा. पानपट्टीवरचा चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. आयत्या वेळी ढवळलेलं पाणी आधीच पांढरं असतं. मग फुंकून पांढरं झालेलं दाखवणार काय? आणि नळीतून फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, हे दर वर्गाला नव्याने सांगावं लागतं.

४. थर्मामीटर फेकण्याआधी थांबा. पाणी खळखळून उकळतंय आणि पारा ९८ वर अडलेला. एक पोरगं म्हणालं, “सर, शंभर हुईनाच की!” मी तीन थर्मामीटर बदलले. पोरांनी मात्र शहाणपणाने वहीत १०० लिहून टाकलं, पुस्तकात तसंच होतं ना! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होते. फक्त त्यांचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू द्यायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

५. सेलला तारा बोटांनी धरून दिवा लावला की तो मिचमिचतो आणि पोरं बल्बला नावं ठेवतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून सेलवर लांबीने ताणून चढवा, तारांची टोकं दोन्हीकडे त्याखाली सारा. घट्ट बसतात.

घरी अशी फाटकी ट्यूब पडली असेल तर भंगारात घालू नका, जवळच्या शाळेत नेऊन द्या.