परदेशप्रवास आणि पोटाचे स्वास्थ्य

प्रश्न : पुढील महिन्यात व्हिएतनामला जाणार आहे. पोट बिघडू नये म्हणून प्रोबायोटिक घ्यावे काय?

उत्तर : आपण निघालात तो व्हिएतनाम ज्याचा भाग होता त्याच इंडोचायनात, १९२० च्या दशकात, पटकीच्या साथीत लिची नि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिणाऱ्यांना आराम पडतो हे पाहून आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या फळांतून जे यीस्ट वेगळे केले, तेच 'सॅकरोमायसिस बोलार्डी' या नावाने आज प्रोबायोटिक म्हणून औषधांच्या दुकानांत मिळते. जिवाणूनाशक प्रतिजैविकांनी ते मरत नाही, हा त्याचा गुण खरा. परंतु त्याने प्रवासातील अतिसार टळतोच असा निर्विवाद पुरावा नसल्यामुळे, केवळ त्याच्या भरवशावर उकळलेले पाणी आणि वाफाळते अन्न यांबाबतची खबरदारी सोडणे मला सर्वथा नामंजूर आहे. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असल्यास ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये. जलसंजीवनीची पाकिटे मात्र सामानात अवश्य ठेवा. ताप आला किंवा शौचातून रक्त पडले, तर विनाविलंब डॉक्टर गाठा.