गीता १८.४८ : नाटक शिकायचं की नाही?



काल आपण अठराव्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक पाहिला. दुसऱ्याचं काम कितीही सफाईने जमलं तरी आपल्या स्वभावातून आलेलं काम, थोडं उणं का असेना, तेच आपल्या हिताचं, असं भगवंत तिथे सांगतात. आजचा अठ्ठेचाळिसावा श्लोक त्याच्या पुढचं पाऊल आहे. आपल्याबरोबर जन्मलेलं काम दोषी असलं तरी टाकू नये, कारण अग्नीभोवती जसा धूर असतो तसा प्रत्येक कामाभोवती काही ना काही दोष असतोच.

एवढंच. पण गेला महिनाभर आमच्या घरात जो विषय चाललाय, त्याचं सगळं भांडण या धुरावरूनच आहे.

माझा मामेभाऊ बारावी सायन्स झाला. गणितात बरे मार्क आहेत. आणि त्याला नाटक शिकायचंय. छंद म्हणून नव्हे, कॉलेजात पूर्णवेळ, पदवीसाठी. मामा चिंचवडला एका कारखान्यात पंचवीस वर्षं नोकरी करतोय. त्याचं म्हणणं एकच, "नाटक कर ना, कोण नाही म्हणतंय? पण आधी इंजिनिअर हो." मामी मध्येच म्हणते, "याचा 'नटसम्राट' होईल म्हातारपणी." (मामीला मी सांगितलं की आप्पासाहेब बेलवलकर नाटकामुळे रस्त्यावर आले नाहीत. होतं नव्हतं ते सगळं मुलांना देऊन टाकल्यामुळे आले. ते तिला अजून आवडलेलं नाही.)

आता गंमत बघा. कालचा श्लोक दोघांच्याही बाजूने वापरला गेला. भाऊ म्हणाला, "ताई, स्वधर्म म्हणजे माझं पॅशन ना? मग कृष्णच माझ्या बाजूने आहे." आणि मामा म्हणाला, "स्वधर्म म्हणजे आपल्या घराला शोभेल ते." मला दोन्ही अर्थ पटत नाहीत. मामाचा अर्थ तर जुनाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या हाच श्लोक पुढे करून लोकांना जन्माच्या कामाला बांधून ठेवलं गेलं. पण श्लोकातला शब्द 'स्वभाव' आहे, 'घराणं' नाही.

भावाचा अर्थही तेवढाच घाईचा आहे. गीता कुणाला सांगितली गेली ते आठवा. अर्जुनाला त्या क्षणी काय हवं होतं? रथातून उतरायचं होतं. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो की गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं. ऐकायला केवढं मोठं वैराग्य! पण भगवंत त्याला शाबासकी देत नाहीत, कारण ते वैराग्य नव्हतं, समोरच्या गोष्टीपासून पळणं होतं. म्हणजे 'मनाला वाटेल ते कर' असं गीतेने अर्जुनाला सांगितलेलंच नाही. त्या दिवशी त्याच्या मनाला वाटत होतं ते चुकीचं होतं.

म्हणून मी भावाला पहिला प्रश्न विचारला, "तुला नाटकाकडे जायचंय की जेईईपासून लांब जायचंय?" तो चिडला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "दोन्ही." मला हे उत्तर आवडलं, कारण ते खरं होतं. मी म्हटलं, आता यातलं किती कशाचं ते शोध. उद्या आयआयटीत सहज प्रवेश मिळतोय असं कुणी सांगितलं, तर तालमीला जावंसं वाटेल का? यावर तो दोन दिवस काही बोलला नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा दुसरा प्रश्न असतो, की अभिनय अंगात असेल तर कॉलेज कशाला? यावर भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय फार सुंदर आहे. ब्रह्मदेवांनी चार वेदांतून एकेक अंश घेतला. ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस. त्यातून नाट्यवेद झाला. मग ते इंद्राला म्हणाले, हे देवांकडून करवून घे. इंद्राने हात जोडले. म्हणाला, देवांना हे जमणार नाही. ग्रहण, धारण, ज्ञान आणि प्रयोग, या चारही गोष्टींत ते कमी पडतील. म्हणून ते काम भरतमुनींकडे आणि त्यांच्या शंभर पुत्रांकडे आलं, आणि त्यांनाही ते आधी शिकावं लागलं.

म्हणजे रूप आहे, तेज आहे, आवाज आहे, तरी देव नापास! कारण नाटकाला घ्यावं लागतं, धरून ठेवावं लागतं, समजावं लागतं आणि मग करून दाखवावं लागतं. नाट्यशिक्षणात आजही याहून वेगळं काय असतं? आवाजाचे आणि शरीराचे व्यायाम, संहिता वाचणं, रंगभूमीचा इतिहास, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, आणि तोच प्रवेश वीस वेळा. 'मला स्टेजवर मजा येते' ही यातल्या पहिल्याचीसुद्धा पूर्ण तयारी नाही. आणि शिकायची तयारी असेल, तर नाटक शिकणं हा उनाडपणा नाही, हे मामालाही सांगायला हवं. ज्याला आपण पाचवा वेद म्हणतो त्याचा अभ्यास आहे तो.

आता धूर.

नाटकाचा धूर डोळ्यांत जाईल इतका आहे, तो लपवून चालणार नाही. व्यावसायिक नाटकात पैसे मिळतात ते प्रयोगाचे, ज्याला नटमंडळी 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. प्रायोगिक नाटकात तर अनेकदा खिशातलेच जातात. शनिवार-रविवार, जेव्हा तुमचे मित्र सिंहगडावर, तेव्हा तुम्ही बसमध्ये. सणाला घरी नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहं बंद झाली, तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. मधे काही महिने अर्ध्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. चेहरे ओळखीचे होते त्यांचं कसंबसं निभावलं. सेट लावणारे, कपडेपट सांभाळणारे, दिवे टांगणारे, यांचं पोट त्या पडद्यावरच होतं. नाटक शिकणाऱ्या दहा जणांपैकी किती जण शेवटी समोरच्या उजेडात उभे राहतात आणि किती जण मागच्या अंधारात काम करतात, हे प्रवेश घेण्याआधी एकदा विंगेत उभं राहून बघावं.

पण श्लोक म्हणतो, प्रत्येक कामाला धूर. मग इंजिनिअरिंगलाही आहेच की. चार वर्षं न आवडणारं शिकणं, मग कॅम्पसला बसणं, नोकरी लागली तरी पुढच्या कपातीत आपलं नाव येईल का ही धाकधूक. मामाने स्वतः कारखान्यात दोनदा मंदी काढली आहे. फरक इतकाच की त्या धुराची आपल्या घरांना सवय झालीय, म्हणून तो दिसत नाही. मला आजच्या श्लोकातून कळलं ते हे की 'कशात धूर नाही?' हा प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या धुरात तू रोज उभा राहशील आणि तरी आच सोडणार नाहीस, हे विचारायचं. हे कुणी ज्योतिषी सांगणार नाही. करिअर काउन्सेलरसुद्धा नाही.

आणि हा निर्णय अठराव्या वर्षी कायमचाच घ्यावा लागतो, असंही नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. अनेक वर्षं नाटक आणि डॉक्टरकी बरोबरीने चालली. १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले, आणि १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' उभं राहिलं. (ते देव मानत नसत आणि तसं उघड म्हणत. या पानावर त्यांचं नाव वाचून ते हसले असते. पण स्वभावनियत कर्म म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.) सतीश आळेकर बायोकेमिस्ट्री शिकले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी केली, आणि ती करतानाच १९७४ मध्ये 'महानिर्वाण' रंगमंचावर आणलं. कीर्तनाच्या रूपातलं नाटक! पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे ते प्रमुख झाले.

हेही भावाच्या कामाचं आहे, कारण वाटा एकापेक्षा जास्त आहेत. ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात पदवी करता येते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना इथल्या नाट्यविभागात पदवीनंतरचं शिक्षण आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे एनएसडी, १९५९ मध्ये सुरू झालं. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचाच, आणि त्याला आधी नाटकात काम केल्याचा अनुभवही लागतो. म्हणजे कुठलीही पदवी घेत, कॉलेजच्या एकांकिका, पुरुषोत्तम करंडक, हौशी नाटक करत तिथवर जाणं हीसुद्धा पळवाट नाही, सरळ वाट आहे. (प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीचे बघून घ्या. मी सांगितलं म्हणून अर्ज भरू नका.)

एका वाचक ताईंनी मागे विचारलं होतं, की भक्ती करणाऱ्याने टाळ्यांच्या धंद्यात जावं का? अहंकार वाढणार नाही का? वाढेल ना. टाळ्या हे फळच आहे, आणि फळाचं काय करायचं ते दुसऱ्या अध्यायात सांगून झालंय. पण माउलींनी ज्ञानेश्वरीत बहुरूप्याचाच दाखला घेतला आहे. तो राजा होतो, राणी होते, लोकांपुढे सोंग अगदी चोख वठवतो, आणि मनात मात्र आपण ना राजा ना राणी. ज्ञानी माणसाने जगात कसं वागावं, हे सांगायला माउलींना नट सुचला! सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार बघा. स्वतःच चेहरा रंगवून बसलेला माणूस रात्रभर विष्णू होतो, संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे सुचतात, आणि पहाटे पेटारा बांधून तो पुढच्या गावाला निघतो. त्याला उपासना कुठे संपते आणि नाटक कुठे सुरू होतं हे विचारून बघा.

शेवटचा मुद्दा घरच्यांचा. नाट्यशास्त्रातच गोष्ट आहे की पहिलाच प्रयोग उधळला गेला. देवांनी दैत्यांना हरवलं, असा प्रसंग होता. दैत्य आणि त्यांच्याबरोबरचे विघ्न चिडले. त्यांनी मायेने नटांची वाचा, हालचाल, स्मृती गोठवली. इंद्राने ध्वजाचा दांडा घेऊन त्यांना झोडपलं. पण त्याने प्रश्न सुटला नाही. विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधलं, रक्षणाला देव बसवले, आणि तरीसुद्धा शेवटी ब्रह्मदेवांना विरूपाक्षाशी बोलावंच लागलं. त्यांनी आधी विचारलं, तुम्ही हे का मोडताय? तो म्हणाला, यात आम्हाला वाईट दाखवलंय. तेव्हा ब्रह्मदेवांनी समजावलं की हे एकट्या देवांचं नाही, तिन्ही लोकांचे भाव यात आहेत, तुमचेही.

आमच्या भावाच्या नाटकात मामा खलनायक झालाय. तो दांडा घेऊन उभा, हाही दांडा घेऊन उभा. 'तुम्हाला काय घाबरवतंय?' हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं की मामाला नाटकाची भीती नाही. तीन वर्षांनी तो निवृत्त होणार आहे आणि घराचे हप्ते त्यानंतरही चार वर्षं आहेत. हे भावाला माहीतच नव्हतं! फळाची आसक्ती सोड म्हणणाऱ्या भगवंतांनी हप्ते बुडव असं कुठेही म्हटलेलं नाही. मग दोघं वही घेऊन बसले. विद्यापीठाची फी किती, घरी राहून जमेल का, नाटकाबरोबर शिकवण्या घेता येतील का.

अजून ठरलेलं नाही. भाऊ सध्या एका हौशी संस्थेच्या नाटकात आहे. भूमिका नाही, सेट लावतो आणि प्रॉपर्टी सांभाळतो. रात्री साडेअकराला घरी येतो, हाताला रंग असतो. आपणहून गेला आहे, मी काही सुचवलं नव्हतं. परवा मामा म्हणाला, "रविवारी तालीम बघायला येईन. पण हा होकार समजू नका."

उद्या श्लोक ४९, नैष्कर्म्यसिद्धी. राम कृष्ण हरी.