सोयाबीन सल्ला : दुपारी पानं उलटी दिसतात, हा रोग आहे का?



पावसाचा खंड पडल्यापासून ग्रुपवर सोयाबीनचे बरेच फोटो आले. दुपारी पानं वळलेली, मागची पांढुरकी बाजू वर. "कोणता रोग आहे, काय मारू?" रोग नाही. पाण्याचा ताण आहे आणि झाड स्वतःला वाचवून राहिलं आहे. पंप काढायच्या आधी हे वाचा.

सोयाबीनच्या पेशीत सुमारे ४६ हजार जीन असतात. कोणतं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती जीनमध्ये असते. सगळे जीन एकाच वेळी चालू नसतात, बरेचसे गरज पडेपर्यंत बंदच राहतात. जमिनीतली ओल कमी झाली की झाडात अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्यामुळे पानांवरची बारीक छिद्रं काही मिनिटांतच मिटायला लागतात आणि वाफ होऊन जाणारं पाणी वाचतं. पेशीच्या आत एक प्रथिन एरवी ब्रेक लावून बसलेलं असतं. संप्रेरक पोचलं की हा ब्रेक सुटतो आणि ताणाच्या वेळचे जीन चालू होतात. काही तासांत पेशी प्रोलिनसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ वाढवते, आतला भाग सुकू नये म्हणून वेगळी प्रथिनंही बनवते. म्हणजे आपण फोटो काढतो तोपर्यंत हे सगळं केव्हाच सुरू झालेलं असतं.

पण याची किंमत आहे. छिद्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न कमी बनतं. फुलावर किंवा शेंगा भरताना खंड लांबला तर झाड फुलं-शेंगा गाळतं. झाड जगतं, आपला उतारा जातो.

सध्या "जीन जागे करणारं टॉनिक" घेऊन गावात लोक फिरून राहिले. माझं मत स्पष्ट आहे, त्यावर पैसे घालू नका. जीन आधीच जागे आहेत, कमी आहे ती ओल. जीनचा ब्रेकच बदलायचा तर तो बियाण्यात बदलावा लागतो. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'पुसा डीएसटी राईस १' या भाताच्या वाणात तेच केलं आहे. एमटीयू १०१० या जुन्या वाणातला, ताण सोसायला आडवा येणारा डीएसटी जीन शास्त्रज्ञांनी निकामी केला. सोयाबीनचं असं बियाणं आपल्याकडे विक्रीला नाही. कोणी "तसलंच आहे" म्हणून देत असेल तर घेऊ नका.

आता काय करायचं? सकाळी सहाच्या सुमारास वावरात जा. पानं सरळ झाली असतील तर झाड रात्रीतून सावरतंय, थोडी सवड आहे. सकाळीही माना टाकलेल्या असतील तर त्याच दिवशी स्प्रिंकलरनं ओलीत करा. आर्वी-कारंजाकडच्या बरड वावरांना आधी, भारी काळी जमीन दोन-चार दिवस जास्त तग धरते. फुलं लागली नसतील तर हलकी डवरणी करून भेगा बुजवा. फुलं लागली असतील तर डवरा घालू नका, फुलं झडतात.

पाण्याची सोय नसेल तर पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १ टक्का, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, सकाळी किंवा सायंकाळी फवारा. त्यानं ताण थोडा हलका होतो, पाण्याची भरपाई होत नाही. माना टाकलेल्या पिकावर तणनाशक मात्र मारू नका.

फोटो पाठवताना सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही पाठवा. सोबत वाण आणि पेरणीची तारीख लिहा.