पूर्वजांचा शोध चर्चच्या वहीत

आजी-पणजोबांची जन्मतारीख हवी असली की आपण ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यापूर्वीची सरकारी नोंद मिळेलच असे नाही. चर्चच्या वह्या मात्र जुन्या. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाह यांची नोंद ठेवण्यास सांगितले, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यांत मृतांच्या वहीची भर घातली.

शोध शेवटाकडून सुरू करावा. आधी मृत्यूची नोंद पाहा. तिथे वय दिलेले असल्यास जन्मसाल काढता येते. पण पूर्वी वय अंदाजाने सांगत, म्हणून मागची-पुढची चार-पाच वर्षे चाळावीत. स्नानसंस्काराच्या नोंदीत आईबाप व धर्म-मातापिता सापडतात. समासही वाचावा. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झाले असेल तर ते पुष्कळदा तिथे लिहिलेले असते. जुनी पाने लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात. धर्मगुरूंची मदत घ्यावी. वह्या नाजूक असतात, तेव्हा अंदाजे साल आधीच कार्यालयात कळवावे.

नाव जुळले म्हणून लगेच थांबू नका. पहिले मूल दगावले तर तेच नाव पाठच्या बाळाला ठेवण्याची रीत होती. त्यामुळे सापडलेली नोंद आजोबांची नसून त्यांच्या थोरल्या भावाची असू शकते. मृतांच्या वहीत त्याच सुमाराची बालकांची नावे तपासा. घरात ज्याचा कधी उल्लेखही झाला नाही, असे भावंड तिथे भेटते.