आधी बांधावर उभी राहा

बयो, काल फोनवर तू तुझ्या जमीनमोजणीच्या सॉफ्टवेअरचा आराखडा वाचून दाखवलास. मोजणी, नकाशा, ड्रोन, अहवाल, बिलं अशी सगळी मॉड्युलं आणि मधोमध क्लाऊड. तुझा उत्साह ऐकून तेव्हा गप्प बसले. आता निवांत सांगते.

मेळघाटात एकदा मोजणीला गेले होते. खातेदार आले, लगतचे आले, मजूर आले. लॅपटॉप उघडला तर सॉफ्टवेअर लायसन्स तपासायला इंटरनेट मागू लागलं. रेंज कुठली तिथे? दुपारपर्यंत वाट पाहून सगळे परतले. त्या माणसांची रोजी बुडाली, हे अजून मला टोचतं. म्हणून म्हणते, संपूर्ण काम आधी लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये पुरं होऊ दे. रेंज आली की क्लाऊडशी जुळवणी.

रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट हा डेटाबेस याच पोटतिडकीतून लिहिला. अमेरिकी युद्धनौकेच्या सॉफ्टवेअरवर ते काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसायचा, म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. नकाशांची जिओपॅकेज फाइल त्याच्यावरच उभी आहे. तुझा पाया तोच ठेव.

आता जुळवणीचं. दोघांनी एकाच गटाची हद्द दोन लॅपटॉपवर बदलली, तर शेवटी आलेली नोंद आधीच्या नोंदीवर चढवू नकोस गं. दोन्ही ठेव, कोणी केली आणि कधी केली यासह, आणि निवड माणसाला करू दे. यंत्रातून आलेलं कच्चं वाचन तर कोणालाच बदलता येऊ नये. वाद कोर्टात गेला की तेच मागतात. फोटो जड असतात, ते मागाहून गेले तरी चालतील.

मॉड्युलं हवीतच, पण एकदम नकोत. गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएस सुरू केलं ते निव्वळ नकाशे पाहण्यासाठी. १.० आवृत्ती यायला २००९ उजाडलं. आज त्याची ताकद प्लगिनांत आहे. तुझं पहिलं मॉड्युलही तू त्याच दारातून आत आण, जे दार बाहेरच्यांना देणार आहेस. दार कुठे अरुंद आहे ते तुलाच आधी कळेल.

पण एकक आणि निर्देशांक मॉड्युलांवर सोडू नकोस, ते गाभ्यातच हवेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. बोलताना लोक दोन्ही सारखेच धरतात. शंभर गुंठ्यांना शंभर आर म्हटलंस की एका गुंठ्याहून जास्त जमीन हिशेबातून गेली. आणि यूटीएम या निर्देशांक पद्धतीचा झोन ७८ रेखांशावर बदलतो. अमरावती शहर ४३ मध्ये, वरूड ४४ मध्ये, जिल्हा एकच. प्रत्येक मॉड्युल आपापला झोन धरायला लागलं तर बांध भलतीकडेच दिसेल.

शनिवारी वरूडला संत्र्याच्या बागेत मोजणी आहे. तू ये. तुझा नमुना लॅपटॉपवर घाल, नेट बंद कर आणि दिवसभर माझ्या मागे चाल. उन्हात स्क्रीन दिसते का, धुळीच्या हातांनी बटण दाबलं जातं का, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते का, सगळं स्वतः बघ. चार्जर घरी राहू दे. टोपी मात्र आण.