पेज आणि सरबत

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात मक्याची पेज घरोघरी पितात. तिला तेथे ‘आतोले’ म्हणतात. पोषक आहाराने बालकांच्या शरीराची व बुद्धीची वाढ सुधारते काय, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी १९६९ साली तेथील चार खेडी निवडली. त्या खेड्यांतील पुष्कळ बालके वयाच्या मानाने खुजी राहत.

दोन खेड्यांत दुधाची भुकटी, साखर व प्रथिनयुक्त पीठ घातलेले ऊन आतोले रोज दोनदा मिळे. उरलेल्या दोन खेड्यांत गोड सरबत. औषधोपचार मात्र चारही ठिकाणी सारखेच होते. नाही तर गुण पेजेचा की औषधाचा, हे कळावे कसे?

हा क्रम १९७७ पर्यंत चालला. आतोलेच्या खेड्यांतील बालके तिसऱ्या वर्षी सुमारे अडीच सेंटिमीटर अधिक उंच भरली. बोटाच्या एका पेराएवढाच हा फरक; परंतु तीन वर्षांपुढील मुलांच्या वाढीत तेवढाही पडला नाही. पेज तीच, वय मात्र सरलेले! सहा महिन्यांनंतर बाळाला केवळ आईचे दूध पुरत नाही, आणि त्याच काळात वाढीचा वेग मोठा असतो.

ही बालके पुढे कर्ती झाली. दोन वर्षांच्या आत आतोले मिळालेले पुरुष इतरांपेक्षा तासाला सुमारे ४६ टक्के अधिक मजुरी मिळवीत, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.