‘अ‍ॅडजस्ट करणे’ : अर्थ आणि व्यवहार

दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’. शब्द एक, पण त्याची कामे तीन. ती वेगळी ओळखली नाहीत तर पैशाचे नुकसान होते.

पहिला अर्थ : बेताचे करणे. शिलाई मशीनवर दोरा तुटू लागला की कारागीर टेन्शनचा स्क्रू थोडा सैल करतो, टाका ढिला पडला की आवळतो. वस्तू तीच राहते, प्रमाण बदलते. ‘आल्टर’ शब्द याहून वेगळा. कमरेचा पट्टा एक भोक पुढे घेतला तर अ‍ॅडजस्ट. पँटची कंबर उसवून कमी केली तर आल्टर.

दुसरा अर्थ : जुळवून घेणे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि ‘थोडं अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतो. हा वापर खास आपल्या देशातला. येथे काही मोजायचे नसते, मन मोठे करायचे असते.

तिसरा अर्थ हिशेबाचा. मराठीत ‘वळते करणे’, उर्दूत ‘मुजरा करना’. गफलत येथेच होते. आपण गाडीतला अर्थ दुकानात आणतो आणि ‘अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणून मोकळे होतो.

समजा, जिंतूरच्या एका दुकानदाराकडे मालेगावच्या व्यापाऱ्याची तीन बिले बाकी आहेत : जूनचे ८,००० रुपये, ऑगस्टचे १२,००० आणि ऑक्टोबरचे १०,०००. ऑक्टोबरच्या बिलापोटी त्याने पुढच्या तारखेचा चेकही दिला आहे. त्याने ९,००० रुपये पाठवले आणि ‘अ‍ॅडजस्ट करा’ एवढेच सांगितले. त्याच्या मनात चेकचे बिल होते. व्यापाऱ्याने ८,००० जूनला आणि १,००० ऑगस्टला जमा केले. तारीख येताच चेक बँकेत गेला. खात्यात रक्कम नसेल तर चेक परत येणार आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकते.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलमे ५९ ते ६१ याच विषयावर आहेत. त्यांचा सारांश असा :

१) पैसे देणाऱ्याने कोणत्या देण्यापोटी ते सांगितले आणि घेणाऱ्याने रक्कम स्वीकारली, तर ती त्याच देण्यात जमा केली पाहिजे.

२) त्याने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर येण्यात जमा करू शकतो, दाव्याची मुदत टळलेल्या जुन्या बाकीतसुद्धा.

३) दोघांनीही ठरवले नाही, तर रक्कम तारखेच्या क्रमाने, जुन्या देण्यापासून, जमा धरली जाते.

म्हणजे पहिला हक्क देणाऱ्याचा आहे. गप्प राहिल्याने तो हातचा जातो.

हिशेबात हा शब्द इंग्रजीत बहुधा ‘अगेन्स्ट’ शब्दासोबत येतो : ही रक्कम अमुक बिलापोटी. आपणही ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणताना दोन गोष्टी सांगाव्यात : किती आणि कशापोटी. रोख दिले तर पावतीवर बिल नंबर व तारीख लिहून घ्यावी. यूपीआयने पाठवले तर संदेशाच्या जागी बिल नंबर टाकावा. चेकची पूर्ण रक्कम आधीच चुकती केली तर चेक परत मागून घ्यावा. माल परत केला तर ‘पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करू’ या तोंडी शब्दावर न थांबता क्रेडिट नोट घ्यावी.

गाडीत न मोजता अ‍ॅडजस्ट करावे. वहीत मोजून आणि लिहून.